धुरपताबाईच्या धारा होईपर्यंत

धुरपताबाईबद्दल लिहा असं मला कोणी सांगितलेलं नाही. आमच्या विद्यापीठाचा पन्नास वर्षांचा अंक निघाला. त्यात साबण करायच्या कढईचा फोटो आहे, विहिरीवरच्या मोटेचा आहे, कुठल्याशा पाहुण्यानं लावलेल्या आणि पुढच्याच उन्हाळ्यात वाळून गेलेल्या झाडाचासुद्धा आहे. धुरपताबाईचा नाही. तो अंक पाहून माझं डोकं फिरलं. बायको म्हणते, तुमचं डोकं फिरायला निमित्त लागतच नाही. पण या वेळी निमित्त होतं, म्हणून लिहायला बसलो. आणि अडचण अशी, की स्वतःची लाज वेशीवर टांगल्याशिवाय मला तिच्याबद्दल लिहिता येत नाही. टांगतो. या वयात माझ्या लाजेचं कोणाला काय पडलंय!

विद्यापीठ म्हटल्यावर तुम्हाला घुमट नि मनोरे दिसायला लागले असतील तर ते पुसून टाका. वर्ध्याबाहेर, नालवाडीच्या पलीकडे माळावर कौलारू खोल्यांच्या चार रांगा, एक विहीर, मळा आणि गोशाळा, एवढं आमचं ग्रामविद्यापीठ. खेड्यातली मुलं तिथं शेती, सूत, साबण, रसायन शिकायची. एक नियम मात्र फार कडक होता. आचार्यांपासून शिपायापर्यंत प्रत्येकानं रोज तासभर हातानं काम करायचं. अंगण झाडणं, संडास धुणं, मळ्याला पाणी देणं, गोशाळेतलं शेण काढणं. कोणाकडे कुठलं काम, ते कचेरीबाहेरच्या काळ्या पाटीवर खडूनं लिहिलेलं असे. दर आठवड्याला पाळी बदलायची. कुठलंही काम हलकं नाही, हे तिथं सकाळच्या प्रार्थनेइतकं नेमानं ऐकायला मिळे.

धुरपताबाई गोशाळा सांभाळायची. मूळची गिरडच्या टेकडीखालच्या एका गावातली. नवरा पटकीनं गेला, दिरांनी शेत घेतलं, तेव्हा एक गाय दोरीला धरून ती चालत वर्ध्याला आली. विद्यापीठ तेव्हा नुकतं उभं राहत होतं. "गाय ठेवून घ्या, तिच्यासंगं मी राह्यतो," असं तिनं भैयाजींना सांगितलं म्हणतात. भैयाजी म्हणजे आमचे गोशाळेचे आणि श्रमविभागाचे प्रमुख. त्यांनी दोघींना ठेवून घेतलं. बाईला अक्षर ओळखता येत नव्हतं. आवाज असा, की मळ्यात बोलली तर कचेरीत ऐकू यावं. शिव्या तर अशा द्यायची, की नव्या मुलांनी त्या वहीत उतरवून घ्याव्यात.

संध्याकाळी सगळी मंडळी लोटे घेऊन तिच्याकडे दुधाला रांगेत उभी राहायची. आमच्याकडे समित्या पुष्कळ होत्या, ठराव त्याहून जास्त. पण भांडणं मिटायची ती त्या रांगेत. एकदा सूत शिकवणारे आणि साबण शिकवणारे मास्तर एका कपाटावरून चार महिने एकमेकांशी बोलत नव्हते. समिती बसली, उठली, काही झालं नाही. धुरपताबाईनं एके दिवशी दोघांचं दूध एकाच लोट्यात ओतलं. "घ्या. वाटून घेजा." रोज हेच. पाचव्या दिवशी सूतवाले मास्तर कुरकुरत म्हणाले, "अहो, तुमच्याकडे पाहुणे आहेत, आज जास्त घ्या." झालं!

भांडणारा कोणीही आला की ती एकच गोष्ट विचारायची. "तुले काय पायजे ते नोको सांगू. तुले काय खपत नाई ते सांग." माणसाला काय काय हवंय त्याची यादी संपत नाही, पण न खपणारी गोष्ट एकच निघते, असा तिचा अनुभव असावा. तिनं तो कधी समजावून सांगितला नाही.

आता सत्तावन्न सालचा एप्रिल. मी सव्वीस वर्षांचा, कचेरीत लिपिक. पत्रं टाइप करायची, आवक-जावक सांभाळायची आणि शनिवारी संध्याकाळी पुढच्या आठवड्याची पाटी लिहायची, ही माझी कामं. पुढच्या आठवड्यात गोशाळेची पाळी माझी येत होती. आणि गोशाळेतली चांदी नावाची म्हातारी गाय गुरुवारपासून उठत नव्हती.

नियम असा, की जनावर मेलं तर गोशाळेच्या पाळीवाल्यानं ते भैयाजींच्या सोबतीनं ओढून मळ्यामागच्या खड्ड्यापर्यंत न्यायचं. माझं लग्न ठरत होतं. मुलीकडचे लोक हिंगणघाटहून पुढच्या गुरुवारी यायचे होते. आईनं निरोप धाडला होता, त्या तुझ्या आश्रमी धंद्यातलं पाव्हण्यांसमोर काही काढू नको. मेलेलं ढोर ओढलेला जावई! त्यांनी लोट्यातलं पाणीसुद्धा घेतलं नसतं. शनिवारी दुधाच्या रांगेत मी धुरपताबाईला विचारलं, "चांदी किती दिवस काढेल?" ती म्हणाली, "दोन, नाईतर तीन." मी पुन्हा विचारून खात्री करून घेतली. मग कचेरीत जाऊन खडू उचलला. माझं नाव मळ्याच्या पाण्यापुढे लिहिलं. मळ्याच्या पाण्याला प्रेमदासची पाळी होती. त्याचं नाव गोशाळेपुढे लिहिलं. हे मी पूर्ण शुद्धीवर असताना केलं आणि खडूचे हात झटकून जेवायला गेलो.

प्रेमदास रसायनशाळेत मदतनीस होता. माझ्याच वयाचा, मॅट्रिक झालेला, काचेच्या नळ्या अशा हातानं धुवायचा की एक फुटली नाही कधी. नोकरी अजून कच्ची होती, जूनमध्ये पक्की व्हायची. गेल्या दसऱ्याला तो बापाबरोबर नागपूरला गेला होता, बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आला होता. त्यानंतर त्यांच्या गावातल्या सगळ्या वस्तीनं मेलेली ढोरं ओढणं सोडलं. गावानं मग त्यांना शेतात कामाला बोलावणं बंद केलं. प्रेमदासचा बाप चिंधू, आई, दोन बहिणी, सगळे नालवाडीत त्याच्या एका खोलीत येऊन राहिले. काका मात्र गावातच अडून बसला होता, अर्धपोटी. हे मला सगळं ठाऊक होतं. प्रेमदास माझ्याच टेबलाशी बसून मला सांगायचा.

सोमवारी पहाटे चांदी मेली.

सहा वाजता गोशाळेसमोर चाळीसेक माणसं जमली. भैयाजी धोतर खोचून तयार होते. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, काडीसारखा. त्यांच्याबद्दल खोटं लिहिणार नाही. तरुणपणी त्यांनी स्वतः मेलेली जनावरं सोलली होती, त्यापायी भाऊबंदांनी त्यांना पंगतीतून उठवलं होतं. ढोंगी माणूस नव्हता तो. म्हणूनच सगळं कठीण झालं.

"प्रेमदास, ये," ते म्हणाले. "पुढचे पाय मी धरतो, मागचे तू धर."

प्रेमदास जागचा हलला नाही. "भैयाजी, हे काम मी नाई करत."

"काम हलकं नसतं रे."

"मी हलकं मनत नाई. मागच्या हप्त्यात संडास मीच धुतले. म्हनान त आजबी धुतो. पन हे नाई करत. आमच्या वस्तीनं हे सोडलं."

भैयाजी हसले. अगदी मायेनं हसले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अरे, तुम्हा लोकांना हे काम का नवं आहे? उलट तुम्हीच आम्हाला शिकवायचं."

प्रेमदासचा चेहरा असा झाला, की मी खाली पाहिलं. त्यानं खांद्यावरचा हात काढला. हळूच काढला. "म्हनूनच नाई करत," तो म्हणाला आणि रसायनशाळेकडे निघून गेला.

दोन-तीन मुलं पुढे झाली, आम्ही ओढतो म्हणाली. भैयाजींनी हात वर केला. "कोणी हात लावायचा नाही. ज्याची पाळी त्यानंच हे काम करायचं. तोवर मी इथं पाण्यावर बसतो. हा उपवास प्रेमदासविरुद्ध नाही. माझ्या स्वतःच्या शुद्धीसाठी आहे." आणि गोशाळेच्या कडुनिंबाखाली, गायीपासून दहा पावलांवर, चटई टाकून ते बसले. मी आयुष्यात पुष्कळ उपवास पाहिले. कोणाविरुद्ध नसलेला एकही पाहिला नाही.

एक शब्द बोललो असतो तर तिथंच संपलं असतं. पाळी माझी आहे, एवढंच. तोंड उघडलंही होतं. पण गुरुवार आठवला आणि तोंड मिटलं.

वर्ध्याचा एप्रिल तुम्हाला सांगायला नको. नऊ वाजता गिधाडं माळावर घिरट्या घालायला लागली. दहाला गायी गोशाळेत शिरेनात, दावणीकडे नेलं की डोळे पांढरे करून मागे सरत. अकराला वैद्य येऊन भैयाजींची नाडी पाहून गेले आणि त्यांनी मान हलवली. गेल्या उन्हाळ्यात भैयाजींना उन्हाचा झटका येऊन गेला होता, हे सगळ्यांना माहीत होतं. मुलांमध्ये कुजबुज सुरू झाली. भैयाजींना काही झालं तर बघा! रसायनाच्या तासाला एकही मुलगा आत गेला नाही. प्रेमदासचा डबा कोणीतरी ओट्यावरून खाली ढकलला, भाकरी मातीत पडल्या. दुपारी चिंधूला नालवाडीत बातमी कळली, तो काठी टेकत आला आणि रसायनशाळेच्या पायरीवर बसून राहिला.

बाराला कुलसचिवांनी मला बोलावून एक कागद दिला. उद्या दहाला समिती बसेल. तोवर काम झालं नाही तर प्रेमदासला नोकरीवरून कमी करण्याचा आदेश तयार पाहिजे. "तीन प्रती. आजच टाइप करून ठेवा."

मी कार्बन घातले. त्याचं नाव टाइप केलं. 'आज्ञाभंग' हा शब्द टाइप केला. आणि सांगायला शरम वाटते, पण मधूनमधून उठून कचेरीत मोठमोठ्यानं ओरडतही होतो. हा अन्याय आहे! हा कसला उपवास, ही जबरदस्ती आहे! शिपाई कौतुकानं बघत होते, ताराचंदबाबू गरिबाची बाजू घेतात म्हणून. माझ्याच आवाजानं मला बरं वाटत होतं.

खिडकीतून गोशाळा दिसायची. धुरपताबाई आधी भैयाजींजवळ जाऊन उकिडवी बसली, मग रसायनशाळेत गेली. तीन वाजता ती कचेरीत आली. कचेरीत ती कधी येत नसे. दारात उभी राहून तिनं शिपायाला बाहेर जायला सांगितलं.

"भैयाजीले इचारलं, काय खपत नाई," ती म्हणाली. "मनतात, कोनी कोन्या कामाले हलकं मनलेलं खपत नाई. प्रेमदासले इचारलं. मनते, हात लावनं खपत नाई. मनते, मी इथं हात लावला त तिकडे माह्या काकानं उपाशी कायले राहाचं? आता तू सांग. तुले काय खपत नाई?"

"मला अन्याय खपत नाही," मी म्हणालो. तावातावानं म्हणालो.

ती टेबलाजवळ आली. अंगाला शेणाचा, दुधाचा वास. "शनवारी दोन डाव इचारलं तू मले, चांदी किती दिस काढन म्हून. इतक्या वर्सांत तू गोठ्यात पाय नाई ठेवला. तुले गायीची काळजी कवापासून वाटाले लागली रे?"

माझ्या कानातून वाफा निघाल्यासारखं झालं. रागावून बघितलं, काय वाट्टेल ते बोलते म्हणालो.

"मले वाचता येत नाई," ती म्हणाली, "पन कोन येते आन् कोन येत नाई ते दिसते. मी नाई सांगत कोनाले. मी सांगितलं त ती चुगली होईन. तुह्यं तू सांग. आता धारा काढाले बसतो. सात गायी हायेत दुधाच्या. माह्या धारा होईपर्यंत येळ हाये तुले."

"नाहीतर काय करशील?" मी विचारलं.

"मी काय करीन? काई नाई. त्या म्हाताऱ्याले ऊन लागन आन् त्या पोट्ट्याची नोकरी जाईन. तू जेवशीन मस्त." आणि ती गेली.

मी आदेश पूर्ण केला. हो, पूर्ण केला! शेवटची ओळ टाइप केली, कागद काढले, कार्बन वेगळे केले, तिन्ही प्रती सरळ लावल्या. मग बादलीत पहिली धार पडल्याचा आवाज आला. गायी आत जात नव्हत्या म्हणून ती बाहेरच, कडुनिंबाच्या कडेला बसून धारा काढत होती. रिकाम्या बादलीत धार वाजते, बादली भरत गेली की आवाज बसत जातो. मी खुर्चीत बसून ऐकत होतो. एक गाय झाली. दुसरी झाली. आईचा चेहरा डोळ्यांपुढे आला, हिंगणघाटची मंडळी आली. तिसरी झाली. खिडकीतून पाहिलं तर भैयाजी चटईवर आडवे झाले होते आणि कोणीतरी त्यांच्या डोक्यावर ओला पंचा ठेवत होतं. चौथ्या गायीला मी उठलो, दारापर्यंत गेलो, परत आलो. पाणी प्यालो. पाचवीला पुन्हा उठलो.

सहाव्या गायीच्या वेळी मी कडुनिंबाखाली पोचलो. दुधाची रांग लागली होती. सूतवाले, साबणवाले, कुलसचिव, मुलं, सगळे लोटे घेऊन उभे. वास असा, की जो तो नाकाला उपरणं लावून. धुरपताबाईनं मान वर केली नाही.

"भैयाजी," मी म्हणालो. "गोशाळेची पाळी माझी होती. गाय मरणार हे मला शनिवारीच माहीत होतं. मी माझं नाव काढून प्रेमदासचं घातलं."

भैयाजी कोपरावर उठून बसले. रांगेतून कोणाचा तरी लोटा पडला. मी पुढे काय काय बडबडलो ते आठवत नाही. मी ओढतो, आत्ता ओढतो, असं म्हणत होतो बहुतेक. मला वाटलं, संपलं आता.

भैयाजींनी डोक्यावरचा ओला पंचा काढून बाजूला ठेवला. मग क्षीण आवाजात म्हणाले, "तू खोटं केलंस, ते वेगळं पाहू. पण प्रेमदासला हे कुठं माहीत होतं? त्यानं पाळी नाकारली नाही, काम नाकारलं. ते तसंच उरतं. मी उठणार नाही."

लाज गेली ती गेली आणि हाती काहीच आलं नाही! कुलसचिवांनी मान डोलावली.

धुरपताबाईनं सातवी गाय तशीच सोडली आणि उठली. पदराला हात पुसत ती भैयाजींसमोर येऊन उभी राहिली. त्यांच्यापुढे ती कधी उभ्यानं बोलत नसे.

"भैयाजी, अकरा वर्सांत आठ ढोरं मेली इथं. कपिला मेली तवा तुमी ओढली. पेपरवाला आलता, फोटो निघाला. बाकीची सात कोनं ओढली?"

भैयाजींनी रांगेकडे पाहिलं.

"पाटीवर नावं होती सगळ्यायची. कोनाचं पोट दुखलं, कोनाचा पाव्हना आला, कोनी पुलगावले गेलता. मंग नालवाडीच्या वस्तीतून चार मानसं बलावली. सातही डाव. तुमाले नाई दिसलं, तुमी सभेले जात होते. पाटीवरचं नाव दर हप्त्याले बदललं, ओढनारे हात नाई बदलले. हा ताराचंद काई पयला नाई." रांगेतल्या माना खाली गेल्या, एकेक करून. "पान्यावर बसाचं होतं त तवा बसाले पायजे होतं. तुमी पाय धरला त लोकं तुमच्या पाया पडले. यानं धरला त गावातले मनतीन, पाह्य, आला आपल्या जागेवर."

"धुरपता," भैयाजी म्हणाले, "मी त्याच्याशी प्रेमानं बोललो होतो."

"प्रेमानंच बोलले. शिवी असती त त्यानं उलटून देल्ली असती."

भैयाजींनी डोळे मिटले. गिधाडं कौलांवर येऊन बसली होती, त्यांच्या पंखांचा आवाज ऐकू येत होता. मला वाटलं या माणसाला भोवळ आली. पण त्यांनी डोळे उघडले ते भरलेले होते. "प्रेमदासला बोलवा," ते म्हणाले.

प्रेमदास आला, मागून काठी टेकत चिंधू. भैयाजी झाडाला धरून उभे राहिले. "प्रेमदास, सकाळी मी जे बोललो ते मी बोलायला नको होतं. कोणत्या अर्थानं बोललो ते सांगत बसत नाही. चुकलो."

प्रेमदास "बरं," एवढंच म्हणाला. आणि थोड्या वेळानं, "आता मले काय करा लागते?"

"काई नाई," धुरपताबाई म्हणाली. "उभा राय. ज्यायनं कदी नाई ओढलं ते ओढतीन."

नंतरचं आधी सांगून टाकतो. हिंगणघाटची मंडळी आलीच नाहीत, बातमी त्यांच्यापर्यंत बुधवारीच पोचली होती. आई वर्षभर बोलली नाही. कुलसचिव त्याच संध्याकाळी माझ्यावर अहवाल लिहायला निघाले होते, तर धुरपताबाई गायीकडे बोट दाखवून त्यांना म्हणाली, "त्याची शिक्षा थे काय पडली हाये फुगून, अजून काय लिहिता?" आदेशाच्या तिन्ही प्रती मी फाडल्या. प्रेमदास जूनमध्ये पक्का झाला आणि पुढे त्याच रसायनशाळेचा प्रमुख होऊन निवृत्त झाला. पाटीवर एक नवी ओळ आली: मेलेलं जनावर आधी न ओढलेल्यांनी ओढावं. ती लिहायचं काम माझ्याकडेच राहिलं. धुरपताबाई अडुसष्ट साली गेली, दोन दिवस तापानं. तिच्यानंतर दुधाच्या रांगेत नुसतं दूध मिळायचं.

तर त्या संध्याकाळी मी, सूतवाले, साबणवाले आणि दोन मुलं पुढे झालो, भैयाजीही हट्टानं आले. भैयाजींना धुरपताबाईनं आधी गूळपाणी पाजलं, दम देऊन पाजलं. चांदी फुगून टम्म झाली होती. दोर कुठं बांधायचा ते आम्हाला कळेना; भैयाजींनी सोलली होती ती ओढून आणलेली जनावरं, आणि कपिलेचा दोर दुसऱ्यांनीच बांधला होता. सूतवाल्यांनी गाठ मारली, ओढली तशी ती सरकन निघून आली आणि ते पाठीवर पडले. कोणी हसलं नाही. दुसऱ्यांदा ओढलं, गाय वीतभर सरकली, साबणवाल्यांना उलटी झाली. मला झाली. सूर्य खाली चालला होता, खड्डा तिथून दोनशे पावलं.

"खुराच्या वरतून घ्या," मागून आवाज आला. चिंधू होता. पोराशेजारी उभा राहून काठीनं दाखवत होता. "दोन्ही पाय एका जागी. गाठ मांगून मारा. हां. आता सगळे एकडाव ओढा, मी मनन तवा."

आम्ही त्याच्या तोंडाकडे बघून दोर धरला.

"वाकू नोका मास्तर, कंबर जाईन. पायानं जोर लावा. ओढा!"

गाय हलली. तो सांगत गेला, आम्ही ओढत गेलो. थांबा म्हणाला की थांबलो. तो आणि प्रेमदास आमच्या कडेनं चालत होते, हात मोकळे. खड्ड्याशी पोचलो तेव्हा माझ्या तळव्यांची सालटं निघाली होती आणि भैयाजी गुडघ्यावर बसले होते.

माती लोटून झाल्यावर चिंधू तिथंच उभा राहिला. आम्हा सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. रागानं नाही, नुसतं पाहिलं.

"तीस वर्सं ओढले मी गावाचे ढोरं," तो म्हणाला. "कोनं मले एक डाव मनलं नाई, का चिंधू, कंबर सांभाळ."

मी रडलो, सगळ्यांसमोर रडलो. प्रेमदासनं बापाचा हात धरला आणि ते दोघं नालवाडीच्या रस्त्याला लागले.